बाई लागली

मी मोटार चालवायला लागले तेव्हा तळेगावात बायका तोंडाला पदर लावून हसत आणि पुरुष उघड हसत. मी डॉक्टर आहे हे त्यांना चाललं होतं, कारण बाळंतपण काही पुरुष डॉक्टरच्या हाती द्यायची रीत नव्हती. पण डॉक्टरणीनं स्वतः चाक धरावं हे कुणाला पचत नव्हतं. माझे थोरले भाऊ शाळेत मास्तर होते. ते म्हणायचे, "अगं, एखादा ड्रायव्हर ठेव." मी म्हणे, "दादा, बाई अडली म्हणून निरोप आला की आधी ड्रायव्हरला उठवायला माणूस पाठवायचा, मग त्यानं चहा प्यायचा, मग निघायचं. तोवर ती बाई माझी वाट पाहत थांबणार आहे का?"

दुसऱ्या लढाईच्या थोडी आधीची गोष्ट आहे ही. गाडी जुनीच होती, कापडी टपाची, चार जणांची. पण मावळातल्या आडगावांतून बैलगाडीनं पेशंट दवाखान्यात आणायचा म्हणजे अर्धा दिवस जायचा, आणि अडलेल्या बाईजवळ अर्धा दिवस नसतो. ती गाडी आल्यापासून कित्येक जणी मरता मरता वाचल्या होत्या. त्यामुळं माझं लायसन मला डिग्रीइतकंच मोलाचं होतं, आणि मी तसं बोलूनही दाखवत असे.

सोमाटण्याजवळ मुंबई रस्त्यावर तेव्हा एक अडचणीचं वळण होतं. वळणाच्या कडेला करंजाखाली शेंदूर फासलेले तीन दगड. बैलगाडीवाले तिथं खाली उतरायचे, करंजाचा डहाळा तोडून दगडांवर टाकायचे आणि मगच गाडी पुढं हाकायचे. मी कधी डहाळा टाकला नाही, आणि का टाकतात तेही विचारलं नाही. असल्या गोष्टी विचारत बसलं तर मावळात एका दिवसात एक मैलसुद्धा पुढं जाणं व्हायचं नाही.

कार्तिकातली सकाळ होती, आणि धुकं असं की गाडीचं स्वतःचं नाक दिसेना. मी एका खेड्यातून परत येत होते. वळणावर समोरून एक भली मोठी गाडी आली, रस्ता आपल्या वाडवडिलांनी बांधल्यासारखी मधोमध. मी डावीकडं घेतली, तरी तिचा मडगार्ड माझ्या उजव्या मडगार्डला घासून गेला, आणि माझं डावं चाक त्या तीन दगडांवर चढून थांबलं.

दोन्ही गाड्या उभ्या राहिल्या. मी उतरले. त्या गाडीतून एक कोटवाले गृहस्थ उतरले. लोणावळ्याला त्यांचा बंगला होता आणि तिकडंच निघाले होते. त्यांचा ड्रायव्हर चाकामागंच बसून राहिला. "कुणाला लागलं नाही ना?" मी विचारलं. "छे छे, कुणाला नाही. काही नाही झालं, बाईसाहेब," असं म्हणून ते हसले, माझ्या गाडीकडं एकदा पाहिलं आणि निघून गेले. त्यांच्या गाडीचा माझ्या अंगाचा, म्हणजे माझ्या बाजूचा, पडदा थंडीमुळं खाली सोडलेला होता, एवढं मला स्पष्ट आठवतं.

रस्त्यापलीकडं अगदी कडेच्या खाचरात एक म्हातारे आबा भात कापत होते. ते विळा हातात धरून उभे होते. त्यांची नजर मोठ्या गाडीवर नव्हती, माझ्यावरही नव्हती; ते माझ्या गाडीच्या मागच्या भागाकडं पाहत होते. मी ओरडून सांगितलं, "काही नाही झालं, आबा!" मी गाडी दगडांवरून मागं घेतली तेव्हा ते रस्ता ओलांडून आले आणि घाईघाईनं डहाळा तोडायला लागले.

तळेगावपर्यंत गाडी जड चालली. मिस्त्री म्हणाला, मडगार्ड टायरला घासतोय, आणि ठोकून सरळ केला. त्यानंतरही चढाला गाडी कुंथायची, पण ती आधीपासूनच कुंथत होती, असं मी स्वतःला सांगितलं.

पुढं महिनाभरानं माझ्या गाडीच्या विमा कंपनीचा माणूस माझ्याकडं आला. पुण्याचा कोवळा तरुण, गळ्यात टाय, बसण्याआधी खुर्चीवर रुमाल अंथरणारा. त्यानं सांगितलं ते ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बंगलेवाल्यांनी कंपनीकडं भरपाई मागितली होती. त्यांच्या गाडीत मागं त्यांची सून बसली होती. तिला सातवा महिना होता. धक्क्यानं ती पुढच्या सीटवर आपटली, पोटात मार लागला, आणि पोटातलं मूल गेलं. तिनं डोहाळजेवणाचं हिरवं लुगडं नेसलं होतं इथपर्यंत सगळं सांगितलेलं. आणि वर आणखी असं की, समोरची बाई स्वतः डॉक्टर असून विव्हळणाऱ्या बाईकडं तिनं पाहिलं न पाहिलंसं केलं आणि गाडी काढून निघून गेली.

"चोराच्या उलट्या बोंबा!" मी म्हणाले. "त्या गाडीत बाई नव्हतीच."

"तुम्ही आत डोकावून पाहिलं होतं का?" त्यानं विचारलं.

पडदा खाली होता.

"शिवाय," तो जरा अवघडून म्हणाला, "त्या शेतातल्या म्हाताऱ्यानंही सांगितलंय. मी स्वतः जाऊन विचारलं. बाई मागं बसली होती आणि तिला फार वाईट लागलं, असं त्यानं अंगठा उठवून दिलंय. तुम्ही चूक मान्य करून सही करा. पैसे कंपनी भरेल, तुमच्या खिशाला काही नाही. फक्त पुढं लायसनचं पोलीस पाहतील."

फक्त! रक्त जाणाऱ्या गरवार बाईला रस्त्यात टाकून गेलेली डॉक्टरीण, अशी माझी कीर्ती मावळभर झाली असती. लायसन गेलं असतं आणि माणसांचा विश्वासही. मी सही केली नाही. दादा म्हणाले, "मिटवून टाक, उगाच बड्या लोकांशी वैर." मी म्हणाले, "मिटवायला आधी घडायला तर हवं." लोणावळ्याला कंपनीचे मोठे साहेब दोन्ही बाजू समोरासमोर ऐकणार, असं ठरलं.

मी रागावले होते हे खरं. पण त्याहून खरं हे की मी घाबरले होते. ती बाई नव्हती अशी माझी खात्री पहिल्या दिवशी पक्की होती, आठवड्यानं थोडी कमी झाली. पडद्यामागं कुणी असेल तर? कण्हणं धुक्यात मला ऐकू आलं नसेल तर? मी डॉक्टर, धक्क्यानं सातव्या महिन्यात काय होतं ते मला नीट ठाऊक होतं. वार सुटली असणार, आतल्या आत रक्त साठलं असणार, पोट दगडासारखं झालं असणार. जेवताना, केस विंचरताना मी त्या बाईची तपासणी करत असे. तिचा चेहरा कधी दिसला नाही. हिरवं लुगडं मात्र दिसायचं, आणि त्याच्या निऱ्यांवरचा ओला डाग. औषधांची बॅग मी नेहमी मागच्या सीटवर टाकत असे, ती आता शेजारी ठेवायला लागले. का, ते मी स्वतःला विचारलं नाही.

एकदा सोमाटण्याची एक लेकुरवाळी दवाखान्यात आली होती. मी तिच्या मुलाच्या कानात औषध घालत असताना ती आपणहून म्हणाली, "त्या वळनावरल्या बाईचं लय वाईट झालं बगा. पोटुशी व्हती."

माझा हात थांबला. "तू पाहिलीस तिला?"

"आमच्या गावात समद्यांनी बगितलीया," ती सहज म्हणाली. "हिरव्या लुगड्यात असती."

सगळ्या गावानं पाहिली आणि मी तेवढी पाहिली नाही? ती गेल्यावर मी दार लावून घेतलं. उद्या सही करून टाकावी असंही मनात येऊन गेलं.

पण माझा स्वभाव असा की सही करायची तर आधी भांडून करायची. दुसऱ्या दिवशी भर दुपारी मी आबांच्या घरी जाऊन उभी राहिले. आबा ओट्यावर बसून दोर वळत होते. मी गाडी अंगणात घ्यायला लागले तसे ते हात वर करून म्हणाले, "तितंच ऱ्हाऊ द्या, तितंच."

मी वळसे न घेता विचारलं, "आबा, त्या कंपनीच्या माणसाला तुम्ही काय सांगितलंत?"

"जे बगितलं त्ये. म्या कशापायी खोटं बोलू?"

"गाडीत बाई होती?"

"व्हती की. मागं बसल्याली."

"आणि तिला लागलं?"

आबांनी दोर खाली ठेवला आणि माझ्याकडं असं पाहिलं, जणू शिकून शिकून मी अगदीच वाया गेले होते. "तिला आता काय लागायचंय? तिचं लागायचं कवाच सरलं. *ती* लागली."

"कुणाला?"

"तुमाला की, डाक्टरीनबाई! तुमचं चाक तिच्या ठान्यावर चढलं न्हवं का? तवाच बसली ती तुमच्या गाडीत. म्या माज्या डोळ्यांनी बगितली. त्या पोराला बी म्हनलं, बाई लागली, लय वाईट लागली."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. पुण्याच्या त्या शहाण्यानं विचारलं असणार, बाईला लागलं का? आबा म्हणाले, बाई लागली. त्यानं मनाशी म्हटलं असणार, काय ही खेडवळ भाषा, आणि म्हाताऱ्याचं व्याकरण सुधारून लिहून घेतलं, बाईला लागलं. मास्तरांनी शाळेत कान पिळून शिकवलेलं असं कामाला आलं. मला इतकं हसू आलं की मी ओट्यावर मटकन बसले.

"आणि त्या मोठ्या गाडीत कोण होतं मागं?"

"कुनी बी न्हाई. पेरूच्या टोपल्या व्हत्या निसत्या, टपापतुर. माज्या अंगाचा पडदा उगडाच व्हता."

सुंठीवाचून खोकला गेला. मी उठले, आनंदानं गाडीकडं वळले, आणि मग माझे पाय जागच्या जागी थांबले. टळटळीत उन्हात गाडी उभी होती. सगळं अंगण तापलं होतं, आणि आबांचा कुत्रा गाडीची सावली सोडून लांब उन्हात बसून मागच्या दाराकडं पाहत होता. भुंकत नव्हता.

"कोण होती ती, आबा?" मी विचारलं.

आबांनी सांगितलं. त्यांच्या लहानपणी एका अडलेल्या बाईला बैलगाडीत घालून तळेगावच्या दवाखान्यात नेत होते. त्या वळणावर गाडीचा आख मोडला. दुसरी गाडी येईपर्यंत ती तिथंच गेली, मूल पोटात घेऊन. तेव्हापासून ती येणाऱ्या-जाणाऱ्या गाडीत चढते आणि बैलांना गाडी ओढवत नाही, तोंडाला फेस येतो. डहाळा टाकला की मागं राहते.

"तिला दवाखान्यात जायाचंय," आबा म्हणाले. "आता गाडी बी मिळाली आन डाक्टरीन बी मिळाली. ती कशाला उतरंल?"

मी शिकलेली बाई. मला यातलं काही खरं वाटलं नाही. पण माझ्या अंगावर काटा आला होता, तो मात्र खरा होता.

लोणावळ्याला जायच्या दिवशी मी आबांना घ्यायला गेले. मागचं दार उघडून धरलं तर ते मागं सरले. "म्या म्होरं बसतो. मागं जागा न्हाई." मग मी त्यांना शेजारी बसवलं आणि बॅग मांडीशी घेतली. कार्ल्यापर्यंत ते एकदाही मागं वळले नाहीत. मीही नाही. चढाला गाडी फारच कुंथली.

साहेब डाक बंगल्यात उतरले होते. बाहेर धुकं इतकं दाट की व्हरांड्याच्या खांबांपलीकडं काही उरलंच नव्हतं. साहेब, तो टायवाला तरुण, बंगलेवाले आणि त्यांचा ड्रायव्हर, एवढीच माणसं. ड्रायव्हर कार्ल्याकडचा होता, आपल्याच मावळातला. त्यानं मालकानं पढवलेलं धडाधडा म्हणून दाखवलं, बाईसाहेब मागं होत्या, फार रक्त गेलं. मग आबांना पुढं बोलावलं.

आबांनी ओट्यावर सांगितलं होतं तेच इथंही सांगितलं, टोपल्यांसकट आणि बाईसकट. बंगलेवाले मोठ्यानं हसले. "साहेब, ही यांची साक्ष? भुताखेताच्या गोष्टी! अडाणी माणूस आहे." साहेबांच्याही ओठांवर हसू आलं. टायवाला कागदात डोकं घालून बसला. मला वाटलं, संपलं. खऱ्याची साक्ष द्यायला मला माणूस मिळाला तोही असा, की त्याचं खरं ऐकून कुणीही हसावं.

आबा मात्र चिडले नाहीत. ते ड्रायव्हरकडं वळले आणि अगदी मायेनं म्हणाले, "बग बाबा, बाई एकच हाय. ती हिच्या तरी गाडीत हाय, न्हाईतर तुज्या. तुज्या गाडीत व्हती म्हनत असशील तर तसं बोल. मंग ती तुजी. गाडी हितंच भाएर उबी हाय. म्या तिला उतरवून तुज्या गाडीत बसवतो."

ड्रायव्हरच्या तोंडचं पाणी पळालं. त्यानं व्हरांड्याबाहेर पाहिलं. धुक्यात दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या होत्या, कुठली कुठली ते कळत नव्हतं. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, पण तो काय पाहत होता कोण जाणे.

"न्हवती!" तो एकदम ओरडला. "सायेब, आमच्या गाडीत कुनीच न्हवतं. पेरूच्या टोपल्या व्हत्या. शेतावरनं आनल्याल्या. सूनबाई तर मुंबईलाच व्हत्या, त्यांचं पोर आदीच गेल्यालं. आमच्या गाडीत बाई न्हवती, सायेब, लिवून घ्या!"

बंगलेवाले त्याच्यावर ओरडले, मग साहेब बंगलेवाल्यांवर. मला पुढचं धड आठवत नाही. त्यांच्या सुनेचं मूल खरंच गेलं होतं, आणि त्या दुःखाचेही त्यांना पैसे करायचे होते, एवढं लक्षात राहिलं. मला त्या मुलीची फार दया आली. मागणी फेटाळली गेली. माझं लायसन वाचलं, माझ्यावरचा कलंक गेला. त्या क्षणी आबांच्या पायाच पडावंसं वाटलं.

परतताना आबा वळणाच्या बरंच अलीकडं उतरले. "घरापतुर आनू नगा तिला," म्हणाले. "घरात सून गरवार हाय."

डाक बंगल्यात काय घडलं ते दोन आठवडी बाजारांत मावळभर पसरलं. पण लोकांनी त्यातलं आपल्याला हवं तेवढंच उचललं. डॉक्टरीण जिंकली हे कुणाला आठवेना. बाई ड्रायव्हरनं नाकारली, म्हणजे ती डॉक्टरणीच्याच गाडीत आहे, आणि हे साहेबासमोर ठरलंय, एवढंच राहिलं. खोट्या बाईतून सुटले आणि खऱ्या बाईत अडकले, आगीतून फुफाट्यात. बाळंतपणाला मला कुणी बोलावीनासं झालं. पोटात मूल घेऊन मेलेली बाई मागं बसवून येणारी डॉक्टरीण कोण आपल्या पोटुशीजवळ येऊ देईल? लायसन भिंतीला टांगलेलं आणि गाडी दारात उभी. रागानं माझा जीव कासावीस व्हायचा. नवलाख उंबरे गावची एक पहिलटकरीण दोन दिवस अडून गेली. मी तळेगावात होते, मला कुणी निरोपच दिला नाही. ते कळल्यावर मी रडले, आणि इतकी वर्षं डॉक्टरकी करून मी रडणारी नव्हते.

चैत्रात त्याच गावातली आणखी एक बाई अडल्याचं बाजारात कानावर आलं. मी बोलावण्याची वाट पाहिली नाही. गाडी काढली आणि धुरळा उडवत तडक त्या घरापुढं जाऊन उभी राहिले. दुपारची बाराची वेळ, गल्लीत चिटपाखरू नाही. आतून त्या मुलीचं कण्हणं येत होतं. तिची सासू दारात आडवी उभी राहिली, दोन्ही हात चौकटीला लावून.

"मावशी, मला आत येऊ द्या," मी म्हणाले. "उशीर झालाय."

मावशी माझ्याकडं पाहत नव्हत्या. त्या माझ्या खांद्यावरून गाडीकडं पाहत होत्या. आतून पुन्हा कण्हणं आलं, आधीपेक्षा क्षीण.

"तुमी या," त्या म्हणाल्या. "पर तिला गाडीतच बसवा."

चार-पाच महिने मी एकच गोष्ट सांगत आले होते, की बाई नव्हती. साहेबाला सांगितली, दादांना सांगितली, आरशात पाहून स्वतःला सांगितली. मावशींनाही तेच सांगायला मी तोंड उघडलं. मग ते मिटलं. मी गाडीकडं गेले, मागचं दार उघडलं आणि रिकाम्या सीटकडं पाहून, मावशींना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "बाई गं, तू इथंच बस. हिची सुटका करून आले की तुझ्याकडं बघते."

दार लावलं. मावशींनी चौकटीवरचे हात काढले.

आतल्या मुलीला मुलगी झाली. दोघी वाचल्या. मी हात धुऊन बाहेर आले तेव्हा ऊन कललं होतं. मावशी गाडीशी उभ्या होत्या. त्यांनी फडक्यात बांधलेली एक भाकरी माझ्या हातात दिली आणि दुसरी मागच्या सीटवर नीट ठेवली.

"तिला बी," त्या म्हणाल्या. "लय येळ बसलीया बिचारी."

घरी पोचेपर्यंत भुकेनं माझ्या पोटात कावळे कोकलत होते, तरी त्या दुसऱ्या भाकरीला मी हात लावला नाही.